पुस्तकाच्या दुकानात इंटर्नशिप करा, पण रील बनवायला जाऊ नका



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणाले होते, की बीबीए-बीकॉमच्या मुलांनी इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा एखाद्या पुस्तकाच्या दुकानात पाच आठवडे काढावेत. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "मॅडम, पुस्तकांची दुकानं तर बंद पडतायत. बुडत्या धंद्यात शिकायचं काय?" काहींनी आईवडिलांचं म्हणणं कळवलं, ते असं की दुकानातच बसायचं तर कॉलेजची फी कशाला भरली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानं बंद पडली हे खरं आहे. पुण्यात कॅम्पातलं मॅनीज 2012 मध्ये बंद झालं. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलवर सुरू केलं होतं. पुस्तकविक्रीच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. ते दुकानही 2018 मध्ये बंद झालं. पण त्याच फोर्ट भागात 2011 मध्ये किताबखाना सुरू झालं, 2020 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. आणि जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात एकदा उभं राहून बघा, पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे काही दुकानं गेली, काही टिकली. का गेली आणि का टिकली हे जिथे रोज डोळ्यांसमोर घडतंय, तिथे शिकायला नाही जायचं तर कुठे जायचं?

पुस्तकाचंच दुकान का, तर या मालाची किंमत मालावरच छापलेली असते. गिऱ्हाईक तुमच्या काउंटरसमोर उभं राहून मोबाईलवर तेच पुस्तक शोधतं आणि "इथे वीस टक्के कमी आहे" असं तोंडावर सांगतं. साडीवाला म्हणू शकतो, आमचा पोत वेगळा. मिठाईवाला म्हणू शकतो, आमचं तूप चांगलं. पुस्तकवाल्याला यातलं काहीच म्हणता येत नाही. तीच पानं, तेच कव्हर, तीच छपाई. किंमत आणि दर्जा ही दोन्ही हत्यारं काढून घेतल्यावर दुकान कशावर चालतं, हे इथे उघड दिसतं. उद्या तुम्ही मोबाईल ॲक्सेसरीज विका, खेळणी विका नाहीतर कॉस्मेटिक्स, हाच प्रश्न तुमच्या दारात येणार आहे.

आता थोडा हिशेब करू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण धंद्याच्या जवळपासचे आहेत. पुस्तकविक्रेत्याला छापील किमतीवर साधारण 25 ते 40 टक्के सूट मिळते. आपण 35 धरू. म्हणजे 300 रुपयांचं पुस्तक दुकानात 195 ला येतं, सुटतात 105. दुकान 200 चौरस फुटांचं, भाडं महिना 20,000. आत दहा रॅक. प्रत्येक रॅकला सहा फळ्या, एका फळीवर 40 पुस्तकं, म्हणजे एका रॅकमध्ये 240 पुस्तकं आणि अडकलेले 46,800 रुपये. येण्याजाण्याची जागा आणि काउंटर धरून प्रत्येक रॅकच्या वाट्याला महिन्याला 2,000 रुपये भाडं येतं, वर्षाचे 24,000.

हा रॅक वर्षातून एकदा पूर्ण विकला गेला तर सुटतात 25,200. भाडं वजा जाता उरतात 1,200. दहा रॅकचे मिळून वर्षाला 12,000. यात लाईटबिल नाही, मुलाचा पगार नाही, तुमचा स्वतःचा तर नाहीच. तोच रॅक वर्षातून दोनदा विकला गेला तर सुटतात 50,400, भाडं जाऊन 26,400 उरतात. दहा रॅकचे 2,64,000, म्हणजे महिन्याला 22,000. दुकान तेच, भाडं तेच, मार्जिनही तेच. फरक एवढाच, की माल दोनदा फिरला.

आता गिऱ्हाईक म्हणतं, दहा टक्के तरी कमी करा. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण 300 चे दहा टक्के 30 रुपये तुमच्या 105 मधून जातात. प्रत्येकाला दहा टक्के दिले तर वर्षाच्या दोन फेऱ्यांत एका रॅकचे सुटतात 36,000, भाडं जाऊन 12,000. दहा रॅकचे 1,20,000. महिन्याच्या 22,000 चे 10,000 झाले. सूट दिलीत दहा टक्के, उत्पन्न गेलं अर्ध्याहून जास्त. कॉलेजात मार्जिन आणि स्टॉक टर्नओव्हर हे दोन वेगवेगळे धडे असतात. दुकानात ते एकाच फळीवर बसलेले असतात.

यात इंटर्नने करायचं काय? बहुतेक ठिकाणी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलगा किंवा मुलगी तरुण आहे, हातात चांगला फोन आहे, म्हणून मालक म्हणतात, आमचं इन्स्टाग्राम सांभाळ. मग महिनाभर रील, स्टोरी, "आमच्याकडे नवीन आलेलं". मुलांनाही ते आवडतं, कारण ते येत असतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जे तुम्हाला आधीच येतं तेच करायला पाच आठवडे घालवले, तर तुम्ही दुकानाला फुकट सेवा दिलीत, शिकला काहीच नाहीत. विक्री तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. खरेदी दिसत नाही. ती मालकाच्या डोक्यात असते, नाहीतर काउंटरखालच्या बिलांच्या फाईलमध्ये. इंटर्नशिपमध्ये त्या फाईलपर्यंत पोचायचं असतं.

माझ्या बॅचमधली एक विद्यार्थिनी, बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेली होती. कथा-कादंबऱ्या, लहान मुलांची पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची गाईडं, असं मिश्र दुकान. मालक साठीचे काका. पहिला आठवडा तिने रील बनवले, चांगले बघितलेही गेले. दुसऱ्या आठवड्यात तिने खरेदीची बिलं बघायला मागितली. काका म्हणाले, "ते बघून तू काय करणार?" आणि विषय संपला. त्यांचंही चूक नव्हतं. कोणत्या वितरकाकडून किती टक्क्याने माल येतो ही दुकानदाराची झाकली मूठ असते. ती पहिल्या आठवड्यात परक्या मुलीसमोर कोण उघडेल?

मार्च जवळ आला होता. वर्षअखेरीचा स्टॉक मोजायचा होता आणि न खपलेली पुस्तकं परत पाठवायची होती. माळ्यावर चढायला माणूस हवा होता, तेव्हा ही चढली. फडकं घेऊन दोन दिवस धूळ खाल्ली. एकेका वितरकाचे गठ्ठे वेगळे करताना तिला कळलं, की परत पाठवणं हे एक शास्त्रच आहे. मुदत संपली की घेत नाहीत. कव्हर दुमडलं असेल तर घेत नाहीत. दुकानाने स्वतःचं स्टिकर चिकटवलं असेल तर घेत नाहीत. गाईडची नवी आवृत्ती आली की जुनीचा भाव रद्दीचा.

परतीची यादी करायची तर मूळ बिलं लागणारच. ती शेवटी काकांनी स्वतःहून काढून दिली. त्यात तिला दिसलं, की काका एकाच प्रकाशनाची पुस्तकं दोन वेगवेगळ्या बोलीने घेतात. काही 40 टक्क्याने, पक्की खरेदी, परत नाही. काही 33 टक्क्याने, परतीच्या अटीवर. ती म्हणाली, "काका, सगळीच 40 ने का नाही घेत?" काका म्हणाले, "अगं, जे पुस्तक जाणारच याची मला खात्री आहे ते 40 ने. ज्याचा अंदाज नाही ते 33 ने. मधले सात टक्के म्हणजे माझा विमा."

हा विमा आकड्यांत बघा. 300 रुपयांच्या नव्या लेखकाच्या दहा प्रती. पक्क्या खरेदीत 180 प्रमाणे 1,800 रुपये गेले. परतीच्या अटीवर 201 प्रमाणे 2,010. दहाच्या दहा खपल्या तर पक्क्या खरेदीत 1,200 सुटतात, दुसरीकडे 990. पक्की खरेदी जिंकली. पण सहाच खपल्या तर? पक्क्या खरेदीत 1,800 गेले, 1,800 आले, नफा शून्य आणि फळीवर चार प्रती तुमच्याकडे बघत बसलेल्या. परतीच्या अटीवर चार प्रतींचे 804 वळते झाले आणि सहा प्रतींवर 594 रुपये सुटले, त्यातून फार तर पार्सलचा खर्च जाईल. जास्त मार्जिन म्हणजे जास्त नफा नव्हे, हे वाक्य मी क्लासमध्ये शंभर वेळा म्हटलं असेन. त्या मुलीला ते माळ्यावर एका दुपारी कळलं.

दिवाळी अंकांचं गणित तर याहून कडक. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा माल मराठी वाचक दरवर्षी वाट बघून घेतो, पण त्याचा खप काही आठवड्यांचा. तुळशीचं लग्न झालं की मागणी ओसरते. ज्याला पुढे केक, फुलं, राख्या, फटाके, कॅलेंडर असं काहीही मुदतीचं विकायचंय, त्याने एक दिवाळी पुस्तकाच्या दुकानात काढावीच.

दुकानात शिरल्यावर मालकाला खरोखर उपयोगी पडेल असं एक काम सांगते, ज्यासाठी कुणाच्या परवानगीने गुपितं उघडावी लागत नाहीत. एक वही घाला आणि ज्या ज्या गिऱ्हाइकाला "नाही" म्हणावं लागलं त्याची नोंद करा. काय मागितलं, कधी, कोणासाठी, आणि मग त्याने दुसरं काही घेतलं की तसाच गेला. विकल्या मालाची नोंद बिलात होते. न विकल्या गेलेल्या मागणीची नोंद कुठेच होत नाही. संध्याकाळी मालकाला विचारा, आज काय काय नव्हतं, तर त्याला दोन-तीनच आठवतील. पाच आठवड्यांची अशी वही म्हणजे पुढच्या ऑर्डरचा निम्मा कागद.

या वहीत मराठी दुकानांची एक खास गोष्ट सापडते. बरेचदा पुस्तक दुकानात असतं, पण सापडत नाही. कॉम्प्युटरवर नाव टाकताना एकाने ऱ्हस्व टाकलं, शोधणाऱ्याने दीर्घ टाकलं, की स्क्रीनवर "उपलब्ध नाही". काउंटरवरचा मुलगा नवीन असेल तर "संपलं" म्हणून मोकळा होतो, आणि पुस्तक मागच्या फळीवर पडून. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक असेल तर त्यावरून शोधता येतं, पण जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. मग यादी नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती अशी नीट बसवावी लागते. शिवाय गिऱ्हाईक नाव सांगतंच असं नाही. "ते निळ्या कव्हरचं, आजोबा आणि नातू असलेलं" एवढ्यावर पुस्तक काढून देणारा माणूस दुकानात असेल, तर तो ऑनलाईनच्या वीस टक्क्यांना पुरून उरतो. मघाशी विचारलं ना, किंमत आणि दर्जा काढून घेतल्यावर काय उरतं? हे उरतं. आणि ते शिकायला काउंटरवर उभं राहावं लागतं, तेही गर्दीच्या वेळी.

जीएसटीचंही एक थोडक्यात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, बरंच आहे की, डोक्याला ताप नाही. पण विक्रीवर कर नाही म्हणजे दुकानाने फर्निचरवर, कॉम्प्युटरवर किंवा भाड्यावर भरलेल्या कराचं क्रेडिटही नाही. तो खर्च अंगावर पडतो. करमुक्त शब्दाची ही दुसरी बाजू बिल हातात आल्याशिवाय कळत नाही.

आता पैशाचं. इथे मी मालक आणि विद्यार्थी दोघांनाही नाराज करणार आहे.

केंद्र सरकारने 2024 च्या बजेटमध्ये इंटर्नशिप योजना जाहीर केली ती आघाडीच्या 500 कंपन्यांसाठी, तेव्हा महिन्याला 5,000 ठरले होते. आपल्या राज्यानेही 2024 मध्ये कार्य प्रशिक्षण योजना आणली, 6,000 ते 10,000 विद्यावेतनाची. अप्रेंटिसच्या नियमांत 30 किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. काका, त्यांचा पुतण्या आणि एक मुलगा एवढ्यावर चालणारं दुकान त्या चौकटीत बसतच नाही. त्यामुळे इथे किती द्यायचे हे दोघांनाच ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ठरतं ते "शिकवतोय ना, मग पैसे कसले?" असं.

मला हे मान्य नाही. एक साधी कसोटी लावा. तुम्ही नसता तर त्या कामासाठी मालकाने पगारी माणूस ठेवला असता का? गठ्ठे उचलणं, झाडणं, काउंटर सांभाळणं, पार्सल नेणं याला उत्तर "हो" असेल, तर ते काम आहे आणि कामाचे पैसे व्हायला हवेत. मालकांनो, वर आपण हिशेब केला, महिन्याला 22,000 उरणारं दुकान 10,000 विद्यावेतन देऊ शकत नाही हे मलाही दिसतं. मीही दुकान चालवते. पण येण्याजाण्याचं भाडं, दुपारचं जेवण आणि वर ठरलेली एक रक्कम, लहान का असेना, एवढं जमत नसेल तर इंटर्न ठेवू नका. पैशाऐवजी पुस्तकं देऊन भागवू नका. पुस्तकवेडी मुलं ती हसत घेतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. आणि विक्रीवर कमिशन तर अजिबात नको. कमिशन लावलंत की तो मुलगा गिऱ्हाइकाला हवं ते पुस्तक सोडून महागाचं पुस्तक पुढे करायला लागतो, आणि दुकानाची कमावलेली एकच गोष्ट घालवून बसतो.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाजूनेही काही सोडावं लागेल. पुस्तकाच्या दुकानाच्या सर्टिफिकेटवर झळकणारा लोगो नसतो. नोकरीच्या मुलाखतीत कंपनीचं नाव सांगितलं की समोरचा मान डोलावतो, दुकानाचं सांगितलं की तुम्हालाच दोन मिनिटं बोलून पटवावं लागतं. ज्याला कॉर्पोरेट नोकरीच करायची आहे त्याने कंपनीतच जावं, त्यात गैर काही नाही. हा लेख ज्याला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय त्याच्यासाठी आहे. मोठ्या कंपनीत इंटर्नला एका खात्याचा एक कोपरा दिसतो. दुकानात भाडं, उधारी, माल, परतावा, गिऱ्हाईक, सगळं एका खोलीत असतं.

कॉलेजच्या तासांचा प्रश्न सोपा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला क्रेडिट मिळतात. एका क्रेडिटला 30 तास धरले तर चार क्रेडिटचे 120 तास. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, पाच आठवड्यांत पुरे होतात. हे दुकान चालेल का, हे मात्र आधी आपल्या कॉलेजातून लेखी विचारून घ्या. काही कॉलेजं दुकानाचा नोंदणीचा कागद मागतात. अनेक छोट्या दुकानांकडे शॉप ॲक्टचा कागद असतो, पण फाईलमध्ये कुठे ठेवलाय ते मालकाला आठवत नाही. तो शोधून देणं हे तुमचं पहिलं काम समजा.

मालकाकडे जाताना बायोडेटाची फाईल नेऊ नका. "मला पाच आठवडे शिकायचंय, एक फळी माझ्याकडे द्या" असं म्हणा. एका फळीवर 40 पुस्तकं, म्हणजे आपल्या हिशेबाने त्यांचे 7,800 रुपये. त्यातली कोणती ठेवायची, कोणती परत करायची आणि त्याजागी काय मागवायचं हे तुम्ही सुचवायचं, अंतिम शब्द त्यांचा. पाच आठवड्यांनी त्या फळीवर आधी किती खपत होतं आणि आता किती, हे दोघांनी बसून मोजायचं. खपलं नाही तरी का खपलं नाही हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. वाईटात वाईट काही हजारांचा माल थोडा हलेल, दुकान बुडणार नाही. म्हणूनच बरेच मालक याला तयार होतात. बिलांचा विषय पहिल्या दिवशी काढू नका. तिसऱ्या आठवड्यात फळीसाठी माल मागवायची वेळ आली की तो आपोआप निघतो.

वेळ बघून जा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैपर्यंत शाळा-कॉलेजच्या पुस्तकांच्या गर्दीत मालकाला तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते. मार्चअखेर स्टॉक मोजतात, तेव्हा माणूस हवाच असतो. परीक्षा आड येत असेल तर एप्रिल. सकाळी अकराच्या सुमारास जा. पुण्यात असाल तर एक ते चार कुठे जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको. बोलणी करायला जाल त्या दिवशी एक पुस्तक विकत घ्या, आणि दहा टक्के मागू नका.

"नाही" म्हटल्याची वही कशी आखायची, कोणते रकाने ठेवायचे आणि आठवड्याच्या शेवटी त्यातून ऑर्डर कशी काढायची, हे पुढच्या व्हिडिओत फळ्यावर करून दाखवते. कुणी आधीच पुस्तकाच्या दुकानात काम केलं असेल, तर तुमच्याकडे परत पाठवायची मुदत किती असते आणि कोणत्या कारणाने माल नाकारतात, ते खाली जरूर लिहा. गाईड, कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं असं वेगळं वेगळं लिहिलंत तर त्याचा एक तक्ता करून सगळ्यांना देता येईल.